एकास पंचवीस

॥ श्री ॥

२१ फेब्रुवारी

आज टेम्पोतून सामान आले ते असे. अर्धा एचपीची जुनी मोटर, बावीसशे. दोन इंची पाईप आणि कोपरे, सहाशे चाळीस. प्लॅस्टिकच्या जाड काचेचे दोन तुकडे, चौदाशे पन्नास. बारीक वाळू चार गोण्या, तीनशे वीस. फळ्या पाचशे. टेम्पोचे भाडे तीनशे, उतरवणे आमचे आम्ही. एकूण पाच हजार चारशे दहा. आणि हे सर्व कशासाठी, तर अंगणात लहानसा तलाव करायचा म्हणून.

दिपालीचे शिक्षणाचे शेवटचे वर्ष. नगरला कॉलेजात ती पाण्याचे इंजिनीअरिंग करते. मी दहावी झालेली, तीही दुसऱ्या खेपेला, तेव्हा ती काय शिकते ते सगळे मला कळते असे नाही. एवढे कळते की भांडण बापलेकीचे आहे आणि खर्च माझ्या डब्यातला.

गावाच्या वर पाझर तलाव आहे. मातीचा बांध, एका अंगाला दगडी सांडवा. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून ओढ्यात जाते. आमचे हे पाणी समितीचे अध्यक्ष. त्यांचे म्हणणे, सांडवा तीन फूट उंच करू, म्हणजे फुकट जाणारे पाणी तलावातच राहील आणि मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागणार नाही. त्यात खोटे काय आहे? गेल्या उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगेत मीच बसले होते. दिपाली म्हणते, तेवढा उंच केला तर मोठ्या पावसात पाण्याला जायला जागा उरत नाही. मग ते मातीच्या बांधावरून जाणार आणि बांध कापून काढणार.

रात्री जेवताना शब्दाला शब्द वाढला. हे म्हणाले, "कागदावरचे आकडे मला दाखवू नको. डोळ्यानं दिसलं तर मानीन."

ती म्हणाली, "डोळ्यानंच दाखवते."

मुलीने बापापुढे एवढे बोलावे का, हे मला अजून ठरवता आले नाही.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपवास. भगर आणि शेंगदाण्याची आमटी.

दिपाली दिवसभर अंगणात दोरी लावून मापे काढत होती. सगळे एकास पंचवीस. तलावाचा बांध पंचवीस फूट उंच, तर आपला एक फूट. तीन फूट वाढवलेला सांडवा म्हणजे दीड इंचाला जरा कमी अशी लाकडी पट्टी. एवढे मला समजले. पुढे ती म्हणाली, "पण वेळ पंचवीसनं कमी होत नाही आई, पाचनं होते. पंचवीसचं वर्गमूळ पाच. इथला एक तास म्हणजे तलावावरचे पाच तास. आणि इथं मिनिटाला एक बादली ओतली, तर तिकडं मिनिटाला तीन हजार एकशे पंचवीस बादल्या."

"असं कसं गं? एकाच वस्तूला तीन-तीन मापं?"

"लांबी वेगळी वाढते, वेळ वेगळी, पाणी वेगळं."

मी म्हटले, "म्हणजे भंडाऱ्यासारखं. पाच माणसांच्या आमटीची पाचशे माणसांची करताना मीठ कुणी शंभरपट घालत नाही. मिरची तर नाहीच नाही."

ती फळी टाकून माझ्याकडे बघतच राहिली. "आई, हाच माझा सगळा विषय आहे. सरांना सांगते, दोन वर्षं शिकवलंत ते आमच्या आईनं उपाशीपोटी सांगितलं."

आज तिचे हसणे पुष्कळ दिवसांनी ऐकले. महादेवाने तिला असेच ठेवावे.

४ मार्च

आज मला तिचे वागणे पटले नाही, तेवढे लिहून ठेवते.

बांधासाठी मी शेतातली चांगली चिकण माती दोन पाट्या आणून दिली. तिने ती बाजूला सारली. मुरमाची भुकटी, बारीक वाळू आणि नावाला थोडी माती असा ढीग केला. हातात धरला तर गोळाही होईना. म्हटले, हा काय बांध? हा तर फुंकरीने जाईल.

"तसाच पाहिजे. आपलं पाणी लहान, त्याच्यात जोर कमी. त्या कमी जोराच्या पाण्यापुढं मी खरी चिकट माती ठेवली तर ती कधीच कापली जाणार नाही. आणि सगळे म्हणतील, बघा, बांध किती भक्कम. बांध पंचवीसपट लहान, तर त्याची ताकदही तेवढीच कमी पाहिजे."

असेल. पण पोराला मुद्दाम उपाशी ठेवून जत्रेतल्या कुस्तीला उतरवावे, तसे मला वाटले. आपल्या हातची वस्तू कुणी दुबळी करते का?

८ मार्च

आज पहिली परीक्षा झाली. हे पाथर्डीला गेले होते. अंगणात मी, दिपाली आणि लंकाबाई.

लंकाबाई म्हणजे तलावाखालच्या वस्तीवरची. तिचा मुलगा बजरंग आणि सून ऊसतोडीला गेली आहेत, ती गुडघ्यांमुळे यंदा गेली नाही. घरी ती, नात जया आणि एक गाय. आमची गाय विकल्यापासून शेण तिच्याकडूनच येते आणि शेणाबरोबर गावच्या बातम्याही.

दिपालीने ओढ्याच्या कडेला खडे मांडले होते. लंकाबाईने विचारले, "ही काय रांगोळी हाय?"

"तुमची वस्ती आहे मावशी. हा खडा म्हणजे तुमचं घर."

"एवढंसं? आन गाय कुठं बांधू?" असे म्हणून तिने शेजारी एक बारका खडा स्वतःच्या हाताने ठेवला. "ही माझी कपिला. आता सोड पाणी."

मोटर सुरू केली. आधी पाणी सांडव्यावरून नीट जात होते. मग दिपालीने ती लाकडी पट्टी लावली आणि पाणी वाढवले. पाणी बांधाच्या माथ्यावर आले, एका जागी पाझरले, तिथे बोटाएवढी घळ पडली आणि बघता बघता सगळा बांध मधून बसला. माथ्यावरून पाणी सुरू झाल्यापासून बारा मिनिटे, असे दिपालीने घड्याळ बघून लिहिले. लंकाबाईचा खडा पार तुळशीपर्यंत गेला.

"गेलं बघा वहिनी माझं घर. आता तुमच्याच पडवीत राहायला येते. दोन टाइम चहा लागंल, आधीच सांगते."

आम्ही तिघी पोट धरून हसलो. दिपालीने मात्र तो खडा तुळशीपासून उचलून आणला. म्हणाली, "मावशी, हे खरं असतं तर?"

"खरं असतं तर मी हसले असते व्हय?"

१९ मार्च

रंगपंचमी. हे मढीला कानिफनाथांच्या दर्शनाला जाऊन आले. रेवड्या आणल्या, पाव किलोच, त्यातल्या शेजारी वाटल्या.

येताना गाडीत समितीची माणसे होती. दिपालीने मोबाईलवर काढलेला बांध फुटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला होता. पुंजाराम दारातूनच ओरडत आला. समितीत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच.

"काय गं दिपे, भुकटीचा बांध करून फोडतीस आन आमाला भ्या दाखवतीस व्हय? आमच्या समद्या गावानं श्रमदानानं भरलेला बांध हाय त्यो. रेवडी न्हाई."

"भुकटी का घेतली ते समजावून सांगते काका."

"समजावू नको. आमच्यासमोर फोड."

ठरले. येत्या २३ तारखेला सगळ्यांसमोर. दिपालीचे कल्याण सर पण येणार. टिकला तर सांडवा उंच होणार, फुटला तर विषय बंद, असे ह्यांनी चारचौघांत कबूल केले. दिपालीला आत बोलावून मी विचारले, फुटेल ना गं नक्की? ती म्हणाली, "फुटला तर खाली माणसं सुखानं झोपतील, आई."

२२ मार्च

दिपालीने बांध नव्याने घातला, त्याच मापाचा, आणि काल सरांना आणायला नगरला गेली. उद्या त्यांच्याबरोबरच येईल. जाताना सांगून गेली, "आई, उन्हानं तडे जाऊ देऊ नको. तडा गेला तर सगळं वाया." ओली पोती टाकून ठेवायची होती ती ठेवली.

पण काल दुपारी पोते उचलून पाहिले तर माथ्यावर बोटभर लांब तडा. खाली आणखी दोन. लेकीने एवढे मोठे काम विश्वासाने टाकले आणि माझ्यादेखत तडे.

नाहीतरी पाहुणे येणार म्हणून अंगण सारवायचे होतेच. लंकाबाईने दोन घमेली ताजे शेण आणले. मी त्यातले थोडे पाण्यात कालवून जुन्या लुगड्यातून गाळून घेतले.

"गाळता कशाला? देवाला न्हाऊ घालायचंय का?"

"दिपालीला खडा-काडी चालत नाही. सगळं बारीक लागतं तिला."

तिच्याच ढिगातली माती त्या शेणकाल्यात मळली, म्हणजे रंग वेगळा दिसायला नको, आणि सगळ्या बांधावरून पातळ हात दिला. काल एक, आज वाळल्यावर दुसरा. आपण कणगी सारवतो तसा. वरून तिची कोरडी भुकटी चाळणीने भुरभुरली. तडे कुठे होते ते मलाही सापडेना. मग अंगण सारवले, तुळशीपुढे रांगोळी काढली, आणि बांधालाही हळदकुंकू वाहिले. लहान असला तरी पाण्याचेच ठिकाण ते.

कंबर मोडली. पण दिपाली आल्यावर तिला एकही तडा दिसणार नाही.

२३ मार्च

बांध फुटला नाही.

सर, समिती, वस्तीवरची चार माणसे, सगळे अंगणात दाटीने उभे होते. दिपाली जीपमधून उतरली ती थेट मोटरपाशी गेली. सगळे अंगण ओल्या शेणाच्या वासाने भरले होते. सर म्हणाले, किती प्रसन्न वाटते.

पाणी माथ्यावरून सुरू झाले. दहा मिनिटे, वीस मिनिटे. वरची भुकटी तेवढी धुऊन गेली, पाणी जरासे गढूळ आले आणि पुन्हा निवळ झाले. अर्धा तास. पुंजाराम गुडघे धरून खाली बसला आणि बांधाशी तोंड नेऊन म्हणाला, "मोटार थकली, पर गडी काय थकंना."

सगळे हसले. लंकाबाईपण हसली, "चला, माझं घर राहिलं म्हणायचं."

दिपाली हसली नाही, रडलीही नाही. पाण्यात बोट धरून उभी होती. सर हळूच म्हणाले, "पहिल्या वेळी मातीचं प्रमाण वेगळं झालं असेल." ती म्हणाली, "वजन करून घेतलं होतं सर."

खरे सांगायचे तर तिची वस्तू तुटली नाही याचा मला मनातून आनंद झाला. आणि मग आठवले, ती तुटण्यासाठीच बनवली होती. हे कसले शिक्षण!

हे जिंकले. पण जेवले नाहीत.

२४ मार्च

सकाळी दिपालीने एकटीने पुन्हा पाणी सोडले. बांध तसाच. तिने ओल्या बांधावर हात फिरवला आणि मला हाक मारली. "आई, माती तीच आहे ना? कुणी बदलली नाही?"

"तीच गं. तुझ्याच ढिगातली."

मग तासभर वहीत आकडे मांडत बसली. मोटर चालूच राहिली आणि जळाली. भरून आणायला चौदाशे. ती म्हणाली, नवा बांध घालून तिसऱ्यांदा करायलाच पाहिजे. हे म्हणाले, एक पैसा मिळणार नाही, खेळ झाला. तिने माझ्याकडे बघितले. मीही डबा उघडला नाही. अंगणात कांदा वाळत घालायचा होता, आणि तिचे इतके उतरलेले तोंड मला आणखी एकदा बघवले नसते.

२ एप्रिल

दिपालीने सरांच्या सांगण्यावरून समितीला दोन पानांचा अहवाल दिला. पहिल्या पानावर, पहिल्या वेळी बांध फुटला. दुसऱ्या पानावर, दुसऱ्या वेळी टिकला, कारण समजले नाही, म्हणून काहीच ठाम सांगता येत नाही, आणखी चाचण्या कराव्यात. खाली तिची सही.

सांडवा उंच करायच्या मंजुरीसाठी समितीचा अर्ज जायचा होता, त्याला ह्यांनी दुसरे पान जोडले. त्यातही "टिकला" एवढ्या शब्दाखाली पुंजारामने लाल रेघ मारली. मी म्हटले, पहिले पान का नको? हे म्हणाले, "खोटं कुठं काय हाय? दिसलं तेच लिवलंय तिनं."



१५ मे

सांडवा उंच झाला. बजरंग ऊसतोडीवरून आल्या आल्या त्याच कामावर लागला, घराजवळ मजुरी मिळाली म्हणून लंकाबाई खूष. म्हणाली, "माझ्या पोराच्या हातचा सांडवा हाय वहिनी, पाणी बी लाजून थांबंल."

दिपालीला भोपाळला नोकरी लागली. काल गेली. डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि चपात्या दिल्या. जाताना ह्यांच्या पाया पडली, पण बोलली नाही. अंगणातला तलाव मोडू का विचारले तर म्हणाली, "राहू दे. माझी चूक सापडेपर्यंत राहू दे." जुनी ताडपत्री टाकली आहे.

सगळ्या गावात माझी लेक हुशार म्हणायचे. आता पुंजाराम कुठलीही वस्तू टिकाऊ आहे म्हणायचे झाले तर म्हणतो, दिपालीच्या बांधासारखी.

२८ ऑगस्ट

तलाव नव्या सांडव्यापर्यंत भरला. मी लग्न होऊन आल्यापासून एवढे पाणी कधी पाहिले नाही. आम्ही बायकांनी जाऊन खणा-नारळाने तलावाची ओटी भरली. हे काठावर उभे होते, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "दिपालीला फोटू पाठव." पाठवला. तिने पाहिला, उत्तर दिले नाही. संध्याकाळी एवढेच आले, "आई, माथा आणि पाणी यांत किती फूट अंतर आहे ते मोजायला सांग."

ह्यांना सांगितले. ह्यांनी मोजले असेल.

१५ सप्टेंबर

काल दुपारपासून पाऊस. थांबायचे नाव नाही. लाईट नाही. पितरांचे दिवस, पानावर वाढलेल्याला कावळे शिवलेही नाहीत, पावसात कावळा कुठून येणार. हे दोनदा तलावावर जाऊन आले.

१६ सप्टेंबर

बांध गेला. लंकाबाई सापडत नाही.

१८ सप्टेंबर

आज सापडली. अडीच कोसांवर, बाभळीत.

जे कळले ते लिहिते. परवा सकाळी उजाडल्यावर ह्यांनी पुंजारामला पळवले आणि खालची वस्ती शाळेत आणली. बजरंगची बायको, जया, सगळे आले. लंकाबाईही आली होती, जयाला माझ्या मांडीवर दिली. म्हणाली, "कपिला दाव्याला हाय, सोडून येते. मुकं जनावर." मी म्हटले, बजरंगला पाठवा. तर म्हणाली, "त्यो तिकडं पोती टाकतोय. आन वहिनी, भ्यायचं काय? दिपीच्या अंगणातला नव्हता का टिकला?"

हे शेवटचे.

बांधावर हे आणि दहा-बारा माणसे वाळूची पोती रचत होती. पाणी माथ्यावरून जायला लागले ते हटेना. नवा सांडवा फोडायला पहारी घेतल्या, पण बजरंगने पक्के काम केले होते. तासाभरात बांध मधून बसला. ह्यांना पुंजारामने कॉलर धरून मागे ओढले म्हणून हे आहेत.

गायही गेली. दावे सुटलेले नव्हते.

देवी, मी तुझ्या नवरात्राचे नऊ दिवस कधी चुकवले नाहीत. काय विचारू तुला?

२६ सप्टेंबर

चौकशी लागली आहे. साहेब लोक शाळेत बसले होते. ह्यांनी जबाब दिला, तो मी खिडकीशी उभी राहून ऐकला. "माझ्या मुलीनं मॉडेल करून दाखवलं, बांध टिकतो. तिच्या सहीचा कागद आहे. त्याच्यावर भरवसा ठेवून आम्ही उंची वाढवली."

घरी आल्यावर मी जन्मात पहिल्यांदा ह्यांना उलट बोलले. "पोरीनं दोन पानं दिली होती."

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मग काय सांगू? मी मारलं म्हणून सांगू?"

जया सध्या आमच्याकडे आहे. दुपारी दिसली ती अंगणातल्या तलावापाशी. ताडपत्री सरकवून खडे मांडत होती. आजीचे घर, शेजारी गाय. वरचा बांध जसाच्या तसा उभा. खरा गेला आणि हा उभा. मला तिथे थांबवेना.

३० सप्टेंबर

दिपालीचा फोन आला. आवाज ओळखू येईना. पेपरात तिचे नाव आले आहे, कुणी कुणी काय काय लिहून पाठवते. ऑफिसने सुट्टीवर जायला सांगितले.

मी सगळे सांगितले. माथ्यावरून पाणी सुरू झाल्यापासून तासाभरात गेला, असेही सांगितले. ती म्हणाली, "बारा मिनिटं."

"काय गं?"

"बारा पंचे साठ. पहिला बांध बरोबर होता आई. अगदी बरोबर होता. मग दुसरा का टिकला? मी काय चुकले? रोज मांडते, रोज तेच उत्तर येतं. एकतर माझ्या हातून काहीतरी झालं, नाहीतर मला काहीच येत नाही. दोन्हीत मावशी गेलीच."

मी म्हटले, सगळे देवाच्या हाती. ती म्हणाली, "देवाला मुरूम आणि वाळूचं प्रमाण माहीत नसतं आई." आणि फोन ठेवला. असे ती कधी बोलत नाही.

५ ऑक्टोबर

फोन बंद. चार दिवस लावते आहे. होस्टेलच्या बाईंना लावला तर म्हणाल्या, खोलीतच असते, जेवायला खाली येत नाही, भिंतीवर कागद चिकटवून ठेवलेत. नऊवारीच्या घडीत ठेवलेले दोन हजार काढले. हे जाऊन येतो म्हणाले, पण चौकशी संपेपर्यंत गाव सोडायचे नाही असे लिहून घेतले आहे. जयाला टाकून मला जाता येत नाही, बजरंगचे डोके ठिकाणावर नाही आणि तिची आई त्यालाच सांभाळते आहे.

पत्र टाकते. पत्र आले तर ती उघडेल, फोनसारखे कापता येत नाही. टाकण्याआधी इथे उतरवून ठेवते, काय लिहिले ते माझ्याजवळ राहावे म्हणून.

"चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

फोन लागत नाही म्हणून लिहिते. जेवत जा. बाबांनी जबाबात जे सांगितले ते तुला कळले असेल. त्यांच्यावर राग धरू नको असे मी म्हणणार नाही, तुझे तू बघ. रात्री उठून बसतात. परवा मला म्हणाले, पोरीला विचार, मी पहिले पान आता नेऊन दिले तर चालेल का? मी म्हटले, न विचारता द्या. दिले.

जया बरी आहे. शाळेत जाते. माझ्याजवळ झोपते.

दुसरे असे, की चौकशीचे साहेब येत्या १६ तारखेला आपल्या अंगणात येणार आहेत. तुझ्या तलावात पुन्हा पाणी सोडून बघणार, मोटर त्यांचीच आणणार. कल्याण सरांनाही बोलावले आहे. तू चुकलीस की नाही ते त्यावरून ठरेल असे पुंजाराम म्हणतो. तो आता हळू बोलतो.

मी ताडपत्री काढून पाहिले. पावसात झाकून ठेवला तरी ऊन पडल्यावर बांधाला परत तडे गेले आहेत, मार्चमध्ये तू सरांना आणायला गेलीस तेव्हा गेले होते तसेच. तेव्हा मी तुला सांगितले नाही, उगाच काळजी करशील म्हणून. लंकाबाईच्या गायीचे शेण वस्त्रगाळ करून, तुझ्याच ढिगातली माती त्यात मळून दोन हात सारवले होते, वरून भुकटी भुरभुरली होती. तुला कळलेसुद्धा नाही इतका एकसारखा झाला होता. आताही परक्या माणसांपुढे तुझे काम तडकलेले दिसू नये असे मला वाटते. शेण दुसऱ्या कुणाकडून तरी आणावे लागेल.

तर १६ च्या आधी तसेच सारवून ठेवू का, ते उलट टपाली कळव.

तुझी आई."